केरबाचा घुमारा

एका गावात एक भोळा माणूस होता, अशी सुरुवात करायची रीत आहे. आमच्या वांगरेवाडीत भोळे पुष्कळ होते, पण रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसवलेला एकच. केरबा खराडे. वय बेचाळीस, मिशा भरघोस, तब्येत ठणठणीत. डोकंही होतं. त्यावर टोपी घालायचा.

मी शेजारचा गिरणीवाला, बापू. माझ्या गिरणीची आणि अण्णा कणसेंच्या रेकॉर्डिंगच्या खोलीची भिंत एकच. तिकडं कुणी गायला लागलं की इकडं मी गिरणी बंद करायची, आणि बाया दळणाचे डबे घेऊन उन्हात ताटकळत उभ्या. त्या मला बोलायच्या, गाणाऱ्याला नाही. एवढं पीठ आणि एवढी बोलणी खाल्ल्यावर माझा सूर जरा तिरका लागला तर चालवून घ्या.

अण्णा कणसे म्हणजे सोन्यासारखा माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड केली. भजनी मंडळं, शाहीर, निवडणुकीतले उमेदवार, सगळ्यांना गोड करून सोडलं. स्वतःचं एकही गाणं केलं नाही. आणि त्यांच्याकडं एक गाणं होतं. त्यांच्या वडिलांनी चाल लावलेली गवळण. वडिलांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं वही नाही, कागद नाही. चाल होती ती फक्त अण्णांच्या गळ्यात. करू, करू म्हणत तीस वर्षं गेली, आणि मग दात हलायला लागले.

अकरा उरले होते. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, सगळे एकदम काढू, दसऱ्यानंतरचा सोमवार. दात गेले की शब्द हवेत सुटणार. पुढं कवळी बसेल, पण कवळीनं बापाची चाल म्हणायला अण्णांचं मन धजेना. म्हणजे गवळण व्हायची तर त्या सोमवारच्या आत व्हायला पाहिजे होती. नाहीतर ती चाल जगातून गेली. वर मंगळवारी वडिलांची पंचविसावी पुण्यतिथी. मारुतीच्या देवळात गवळण लावायची असं अण्णांनी पाहुण्यारावळ्यांना कळवूनही टाकलं.

आता गाणारा काचेच्या एका बाजूला आणि मशीन दुसऱ्या बाजूला. शिवाय दात काढून आल्यावर दोन दिवस डोकं वर निघणार नाही, म्हणजे गाण्यावरचं पुढचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला पाहिजे. गावात दुसरं कुणी नव्हतं का? होतं की. पण केरबा हा इंदुवहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा मावसभाऊ. विषय संपला.

अण्णांनी दोन महिने आधीपासून त्याला शिकवायला घेतलं. रेकॉर्ड केलेला आवाज कसा कोरडा असतो, आणि त्याला घुमारा दिला की तो कसा एखाद्या जागेत उभा राहतो, हे समजावलं. ह्याला मशीनच्या भाषेत रिव्हर्ब म्हणतात. गावात सगळे इको म्हणतात आणि अण्णा चिडतात. मशीनमध्ये घुमाऱ्याची यादीच होती. अण्णांनी ती मराठीत लिहून भिंतीला चिकटवली होती: खोली, सभागृह, देऊळ, दरी, न्हाणी. जागा निवडायची, मग घुमारा किती वेळ रेंगाळावा ते ठरवायचं, आणि मग किती घालायचा ते ठरवायचं. बटणं तीन. केरबानं तिन्ही बटणं फडक्यानं स्वच्छ पुसून ठेवली. पहिला आठवडा त्यातच गेला.

पहिलं काम आलं भजनी मंडळाचं. अण्णा बाहेरगावी होते. केरबानं रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं देऊन टाकलं. घुमारा कुठला ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून घातला नाही. दुसऱ्या दिवशी मंडळ परत आलं. त्यांचं म्हणणं, बारा माणसं टाळ घेऊन कपाटात बसल्यासारखी वाटतायत. अण्णांनी केरबाला जवळ बसवून सांगितलं, की अरे, आवाजाला जागा लागते. देऊळ लावायचं आणि बटण चांगलं पुढं न्यायचं, ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले गेले पाहिजेत.

"ध्यानात ठेवलं, दाजी," केरबा म्हणाला.

आणि ठेवलं. ध्यानात ठेवण्यात केरबाचा हात धरणारा कुणी नाही. तेच तर दुखणं होतं.

पुढच्याच आठवड्यात ग्रामपंचायतीचा शिपाई आला. पाण्याची टाकी धुवायची होती, त्याची सूचना रेकॉर्ड करून रिक्षावरनं फिरवायची होती. तीन दिवस नळ बंद राहतील, आज सायंकाळपर्यंत पाणी भरून ठेवावे. एवढंच. केरबानं देऊळ लावलं. बटण चांगलं पुढं नेलं.

रिक्षा गावातनं फिरली. असा गंभीर, घुमणारा आवाज, की मीसुद्धा गिरणी बंद केली. म्हाताऱ्या उंबऱ्यावर आल्या. कुणी रिक्षावर हळदकुंकू टाकलं, कुणी नारळ ठेवला. एक शब्द दुसऱ्यात मिसळून गेला होता, काय सांगतायत ते कुणालाच कळलं नाही, पण काहीतरी मंगल चाललंय ह्याबद्दल गावात दुमत नव्हतं. हात सगळ्यांचे जोडले गेले. पाणी कुणी भरलं नाही. पुढचे तीन दिवस गावानं कसे काढले ते विचारू नका, वर्णन करण्यासारखं नाही.

सरपंच अण्णांना जे बोलायचं ते बोलून गेले. अण्णांनी पुन्हा केरबाला बसवलं. बोलण्याला देऊळ लावायचं नाही, म्हणाले. शब्द कळले पाहिजेत. अजिबात घुमारा नको, अगदी कोरडं, माणूस कानाशी येऊन हळूच सांगतोय असं वाटलं पाहिजे.

"ध्यानात ठेवलं, दाजी."

मग आले शाहीर. गडी उंचापुरा, फेटा बांधलेला, हातात डफ. पोवाडा असा म्हटला की माझ्या गिरणीच्या पत्र्यावरचं पीठ खाली आलं. काचेपलीकडं केरबा ध्यानात ठेवलेलं सगळं करत बसला होता. घुमारा शून्य. आवाज हळू, कानाशी. रेकॉर्डिंग तयार झालं तेव्हा शाहीर गडावर चढाई करत नव्हते. शेजारच्या गोधडीतून, घरच्यांची झोपमोड होऊ नये अशा बेतानं, चढाईचा विचार बोलून दाखवत होते.

शाहीर नुसते केरबाकडं बघत राहिले. मला वाटतं डफ हातात होता म्हणून केरबा वाचला.

अण्णांनी कपाळाला हात लावला. मर्दानी गाणं आहे बाबा, म्हणाले. तिथं दरी लाव. कडेकपारी उभ्या राहिल्या पाहिजेत, आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला पाहिजे, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे.

"ध्यानात ठेवलं, दाजी."

मी त्या दिवशी अण्णांना म्हणालो की अण्णा, ह्याला सोडा आणि तालुक्यातनं कुणीतरी जाणता आणा. ते म्हणाले, शिकतोय रे, प्रत्येक वेळी नवीन काहीतरी शिकतोय. तेही खरंच होतं. एकदा केलेली चूक केरबानं कधी दुसऱ्यांदा केली नाही. दर वेळी ताजी.

दसरा महिन्यावर आला. अंगणवाडीच्या बाईंना अंगाई हवी होती. दुपारी पोरं झोपत नाहीत, म्हणून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून रोज लावायची, असा त्यांचा साधा सरळ विचार. बाईंचा आवाज मऊ. केरबानं ऐकलं आणि दरी लावली. बाळा नीज म्हणून बाई समजावतायत, आणि समोरच्या डोंगरावरून कुणीतरी दुसरी, आडदांड बाई तेच दरडावून परत सांगतेय, तिच्या मागनं तिसरी. अंगणवाडीत लावलं मात्र, पंचवीस पोरांनी एकदम भोकाड पसरलं. दोघं दारातून निसटून घरी पळाले. एकाला रात्रभर आईनं मांडीवरून खाली ठेवलं नाही. अंगावर काटा आला की नाही ते पोरांना सांगता आलं नाही, पण माझ्या अंदाजानं आला.

ह्या वेळी अण्णांनी जरा विचार केला. एक एक गाणं शिकवत बसण्यात अर्थ नाही, सगळ्या गाण्यांना लागू पडेल असा एकच नियम द्यावा, असं त्यांना वाटलं. शहाण्या माणसाची हीच गंमत असते. ते म्हणाले, केरबा, तू स्वतःच्या मनानं काही ठरवू नकोस. गाणाऱ्यालाच विचार, की हे तुम्ही कुठं म्हणता? तो सांगेल ती जागा लाव. चूक होणारच नाही.

मीही मान डोलावली. नियमात खोट काढायला जागा नव्हती. केरबा मधे होता, एवढंच.

माध्यमिक शाळेचे हेडमास्तर देवधर सर निवृत्त होणार होते. निरोपसमारंभात स्वतःच्या आवाजातलं एक भावगीत लावून सगळ्यांना चकित करायचं त्यांच्या मनात आलं. चाळीस वर्षं शिस्तीत घालवलेल्या माणसाला शेवटी एखादा दिवस असा मोह होतो. सर आले, गायले. बरं गायले, खोटं कशाला बोलू? मग केरबानं अगदी नियमानं विचारलं, की सर, हे गाणं तुम्ही एरवी कुठं म्हणता?

सर लाजले. आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू का केरबा, न्हाणीत. तिथंच माझा आवाज लागतो."

केरबानं यादी बघितली. न्हाणी होती. लावली. पण ऐकल्यावर त्याला वाटलं, न्हाणी आहे तर पाणी पाहिजे. तेवढ्यासाठी तो घरी जाऊन नळ सोडून, बादली भरून, तांब्या आपटून आला, म्हणजे मोबाईलवर रेकॉर्ड करून आला, आणि ते सगळं गाण्याखाली सरकवून दिलं. मेहनतीत कसूर नाही.

समारंभाला आमदारांचे बंधू होते. विद्यार्थिनी होत्या. सरांच्या सौ. पहिल्या रांगेत नऊवारी नेसून बसल्या होत्या. पडदा बाजूला झाला, सरांचा फुलांनी सजवलेला फोटो दिसला, आणि मांडवभर हेडमास्तर अंघोळ करू लागले. पहिल्या कडव्यात बादली भरली. दुसऱ्या कडव्यात तांब्या पडला. तिसऱ्या कडव्याच्या आधी जो थांबा होता त्यात सर डोक्यावर पाणी घेत असावेत, असं सगळ्या सभेचं मत पडलं. सौ. पदरात तोंड लपवून बसल्या. सर दुसऱ्या दिवशी मुलाकडं पुण्याला गेले ते अजून आलेले नाहीत.

दात काढायला आठ दिवस राहिले होते. अण्णा इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. भिंतीपलीकडनं मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"घुमारा मिठासारखा असतो, केरबा. चिमूटभर. तो तिथं आहे हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. कळलं की बिघडलं. आणि देण्याआधी तपासत जा. मूळ आवाज बंद करायचा, नुसता घुमारा ऐकायचा. त्यात नळ नको, बादली नको, काही नको. स्वच्छ असला की झालं. आणि ते सरांचं मूळ आत्ताच्या आत्ता पुसून टाक. पुन्हा कुणाच्या कानावर पडता कामा नये."

"ध्यानात ठेवलं, दाजी."

केरबानं सरांचं मूळ पुसलं. पुन्हा बघितलं, नीट पुसलंय का. अण्णा शांत झाले. मला नंतर म्हणाले की आज पहिल्यांदा सांगितलेलं सांगितल्यासारखं केलं त्यानं.

त्या आठवड्यात अण्णा रोज गवळण करायला बसणार होते. सोमवारी एका लग्नाचं आमंत्रण रेकॉर्ड करायचं काम आलं, मंगळवारी लाईट गेली, बुधवारी माझ्या गिरणीला दसऱ्याची एवढी गर्दी की बंद करायची सोय नव्हती, आणि पुढचे दिवस सणात गेले. कबूल करतो, त्यातला एक दिवस माझ्यामुळं गेला. अण्णा ओठ मिटून, हिरड्या दाबत बसायचे. इंदुवहिनी मात्र मला म्हणाल्या, "भावजी, सोमवारी सकाळी एक तास द्या. पाया पडते. मामंजींची चाल जाईल हो." मी म्हणालो, वहिनी, सोमवारी सबंध दिवस गिरणी बंद.

सोमवार उजाडला. तालुक्याची एसटी दहाला. सकाळी आठला अण्णा धुतलेलं धोतर नेसून काचेपलीकडं बसले. केरबानं बटण दाबलं. मी आणि वहिनी दारात उभे.

आता इथं मी थट्टा करणार नाही. अण्णा गायले. हलत्या दातांनी, दुखत्या हिरड्यांनी, पण असे गायले की मी त्यांना तीस वर्षं ओळखत होतो हे मला खोटं वाटायला लागलं. तिसऱ्या ओळीत त्यांचे वडील एक जागा घ्यायचे, वर जाऊन अलगद खाली यायचे. ती जागा आली तेव्हा वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. बाहेर दळणाला आलेल्या चार बाया उभ्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही, ह्यावरनं काय ते समजा.

अण्णांनी हेडफोन लावून सबंध गवळण ऐकली. डोळे पुसले. मला म्हणाले, "बापू, आलं रे. आमचे आबा जसे म्हणायचे तसंच आलं." मग केरबाला सांगितलं की शिकवल्याप्रमाणं कर, चिमूटभर देऊळ, जास्त नको, नीट तपास. केरबानं मान हलवली. अण्णा वहिनींना घेऊन एसटीला धावले. जाताना हसत होते. अकरा दातांनी हसलेले ते शेवटचे.

सायंकाळी पाचला परत आले तेव्हा गाल सुजलेले, तोंडात कापसाचे बोळे, टॉवेल हनुवटीखालनं डोक्यावर बांधलेला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. घरात न जाता आधी रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरले. केरबा दारात उभाच होता. आंघोळ करून, टोपी बदलून. अण्णांनी हातानं खूण केली: लाव.

केरबानं लावलं.

खोलीत काहीतरी सुरू झालं. नक्की काय ते सांगता येईना. लांब कुठंतरी, दोन गावं पलीकडं, कुणीतरी देवळाचं दार लावून घ्यावं तसं एक धुरकट हं... ऽऽ... आणि परत हं... शब्द नाही, सूर नाही, ओळ कुठं संपते आणि कुठं सुरू होते पत्ता नाही. तेही इतकं बारीक की मी वाकून स्पीकरला कान लावला. मला वाटलं माझ्याच कानात पीठ गेलंय. तिसरी ओळ आली आणि गेली असावी. वर गेलं की खाली आलं, काही कळलं नाही.

अण्णांनी आवाज मोठा करायची खूण केली. केरबानं केला. हंऽऽ मोठं झालं.

"अरे केरबा, ह्यांचा आवाज कुठाय?" वहिनींनी विचारलं.

केरबानं छाती पुढं काढून सगळं सांगितलं. कशात कसूर केली नव्हती. देऊळ लावलं. मिठाएवढंच घातलं. मग दाजींनी सांगितल्याप्रमाणं मूळ आवाज बंद केला आणि नुसता घुमारा ऐकला. दोनदा ऐकला. नळ नव्हता, बादली नव्हती, अगदी स्वच्छ. स्वच्छ असला की झालं, म्हणून तेवढाच तयार केला. आणि मूळ?

"मूळ पुसलं की, आक्का. मशीनच्या कचऱ्याच्या डब्यात गेलं होतं, तो डबाबी रिकामा केला. आता पुन्हा कुणाच्या कानावर पडायचं नाही."

वहिनी खाली बसल्या. मला रडूही येईना आणि केरबाला मारायला हातही उचलेना. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. इतक्या प्रामाणिक तोंडावर तो कुठं ठेवावा, तेच कळेना. अण्णांनी तोंडातले बोळे बाहेर काढले. काहीतरी बोलायला गेले. तीस वर्षांत साठलेलं सगळं ते त्या घडीला बोलणार होते, पण नुसती हवा आली, आणि थोडं रक्त.

केरबाला वाटलं, दाजींच्या मनात अजून शंका आहे, काम बरोबर झालंय की नाही. तो पुढं आला, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला:

"काही काळजी करू नका, दाजी. उद्या देवळात लावा खुशाल. सगळं गाव बसू द्या. ह्यात तुम्ही गायलाय, हे एकालाबी कळायचं नाही."